कोंबडीला दाखवून घेतलेली प्रेस

मशीन बघायला जाताना बरोबर कोंबडी नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ती कोंबडी मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेला माणूसही एकच होता, आणि तो मी होतो. इंजिनिअरिंगची पदवी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला लावलेलं पेन आणि मांडीवर पांढरीशुभ्र कोंबडी. सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं मान वाकडी करून विचारलं, "पाव्हनं, इकायची हाय का?"

मी म्हणालो, "नाही. प्रेस बघायला चाललीय."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो गृहस्थ तिथंच पाय टेकून उभा होता.

कोंबडी नेण्याची कल्पना अर्थातच सरांची. सर आमचे मालक, पण त्यांना कुणी मालक म्हणत नसे. आधी ते पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. "फळ्यावर पुष्कळ लोखंड तापवलं, आता जरा भट्टीत तापवून बघू," असं म्हणत नोकरी सोडून त्यांनी नगरच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला, जिथं वसाहत संपते आणि शेतं लागतात तिथं, फोर्जिंगची शेड टाकली. फोर्जिंग म्हणजे सोप्या भाषेत लोहारकाम, पण मोठ्या अंगाचं. लोखंडाचा तुकडा लालबुंद तापवायचा, साच्यात ठेवायचा आणि वरून असा दणका द्यायचा की त्यानं निमूट साच्याचा आकार घ्यावा. आमच्याकडं मुख्यतः ट्रॅक्टरच्या मागं उसाची ट्रॉली जोडतात ना, तिचे हुक व्हायचे. निम्म्या जिल्ह्याचा ऊस आमच्या हुकांना लटकून कारखान्यात जातो, असं सर पाहुण्यांना सांगत. निम्मा हा शब्द जरा सढळ होता, पण सरांच्या तोंडी शोभून दिसायचा.

उंच, किडकिडीत अंगकाठी, आणि पायात कायम सेफ्टी शूज. कायम म्हणजे कायम. लग्नालासुद्धा. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पंगतीत कोण कुणाच्या पायावर वरणाची बादली सोडील, सांगता येतं का?" बोलताना समोरच्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण धरायचं, ही दुसरी सवय. महत्त्वाचा मुद्दा आला की बटण पिळायचे. माझ्या सगळ्या शर्टांचं तेवढं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. सकाळी हजेरी घ्यायचे ती पॉलिटेक्निकमधल्यासारखी, आणि माणसांबरोबर मशीनचीसुद्धा. "ग्राइंडर?" म्हणाले की त्यावरचा माणूस ओरडायचा, "हजर, सर!" सगळ्यात शेवटी सर आवाज खाली आणून विचारायचे, "थोरले?"

थोरले म्हणजे आमचा हातोडा. दोन खांबांमधून वर जाऊन धाडकन खाली येणारा, वयानं शेडमधल्या सगळ्यांपेक्षा मोठा. तो पडला की टेबलावरचा चहा बशीत यायचा. सर त्याला अहोजाहो करत. जेवण झालं की त्याच्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून झोपत, आणि तो थांबला तर दचकून जागे होत.

सरांना त्या आवाजात झोप लागायची. भिंतीपलीकडच्यांची मात्र उडाली होती. भिंतीपलीकडं काकूंची पोल्ट्री होती. काका शेती बघत, कोंबड्यांचं राज्य काकूंचं. ठेंगण्या, भक्कम, आणि आवाज असा की भिंतीवरून आला तरी समोरून आल्यासारखा वाटावा.

"मास्तर, तुमचा हातोडा पडला की माझ्या कोंबड्या अंडं आत वढून घेत्यात!"

"वहिनी, शास्त्रात तसं कुठं लिहिलेलं नाही."

"शास्त्राला घाला अंड्यावर! हितं येऊन बघा. निम्म्या कोपऱ्यात चेंगरून बसल्यात, पलीकडच्या निम्म्या त्यांच्यावर."

यात गंमत कमी आणि खरं जास्त होतं. पोल्ट्री आमच्या शेडच्या आधीची होती. दसरा झाला की काकूंकडं नव्या तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या कोऱ्या करकरीत कोंबड्या, येणार होत्या. काकूंनी स्वच्छ सांगितलं, तलंगा यायच्या आत हातोडा बंद व्हायला पाहिजे, नाहीतर मी खुराडी मोकळी करते आणि तुमच्या दारात येऊन बसते. दुसरा कुणी मालक असता तर वकील गाठला असता. सरांनी मात्र डोकं खाजवलं आणि म्हणाले, "त्या आधी आल्या, आपण नंतर. म्हणजे आपण पाहुणे. पाहुण्यानं घरच्यांची झोप मोडू नये. वहिनी, शब्द देतो. दसऱ्याच्या आत थोरले थांबतील."

शब्द देऊन झाल्यावर ते माझ्याकडं वळले. हातोडा थांबवायचा तर त्याच्या जागी प्रेस हवी. चुकीची आणली तर हुक होणार नाहीत, हुक नाहीत तर शेड बंद, आणि शेड बंद म्हणजे आतल्या सगळ्यांच्या चुली बंद. त्यात माझीही आली. सर माझं बटण पिळत म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. शोध."

मी शोधली. अशी शोधली की काय सांगू! कागदावर हिशेब केला, माहितीपत्रकं मागवली, आणि सगळ्यांत ताकदवान, सगळ्यांत देखणी प्रेस निवडून सरांपुढं चित्र ठेवलं. सरांनी चष्मा वर केला. चित्राकडं बघितलं, मग शेडच्या पत्र्यांकडं, मग पुन्हा चित्राकडं.

"हिची उंची किती?"

मी सांगितली.

"आणि आपल्या शेडची?"

शेडची उंची मोजायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, "वरात वाजत गाजत आणलीस, पण नवरदेव मांडवात मावत नाही. डोकं बाहेर काढून बसवायचा का?" पुढं कितीतरी दिवस पत्र्याला पाखरानं टोच मारली तरी कामगार म्हणायचे, "साहेब, तुमची प्रेस आली बघा."

मग सरांनी मला मशीन निवडण्याचं स्वतःचं शास्त्र शिकवायला घेतलं. हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात नाही, याची त्यांना खात्री होती आणि मलाही आहे.

पहिला नियम, विकणाऱ्याला मशीनचे गुण विचारायचे नाहीत, दोष विचारायचे. एकदा एक टाय लावलेला विक्रेता आला होता. त्याचं सगळं बोलून झाल्यावर सर म्हणाले, "आता हिचं काहीतरी वाईट सांगा." तो म्हणाला, "सर, वाईट काहीच नाही." सरांनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन म्हणाले, "ज्या स्थळाचं काहीच वाईट कानावर येत नाही, त्याची चौकशीच झालेली नसते."

दुसरा नियम, बिघडल्यावर दुरुस्तीला येणारा मिस्त्री कशानं येतो ते विचारायचं. विमानानं येणार असेल तर मशीन घ्यायची नाही. एसटीनं येणार असेल तर विचार करायचा.

तिसरा नियम, लोखंड बघायला शनिवारी जायचं. आपल्याकडं शनिवारी कुणी लोखंड विकत घेत नाही. "म्हणून तर शनिवारी जायचं!" सर सांगत. "आज काही हा घेणार नाही, हे समोरच्याला माहीत असतं. विकायची आशा सुटली की माणूस खरं बोलतो."

आणि चौथा नियम, जो माझ्या मुळावर आला तो. ज्या कारखान्यात ती प्रेस चालू असेल तिथं आत जायच्या आधी समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. प्रेस बंद पडली की कामगार चहाला बाहेर येतात. टपरीचा धंदा जोरात असेल तर प्रेस वाईट. टपरीवाला माश्या मारत असेल तर प्रेस उत्तम. हे ऐकून मी थक्क झालो होतो. अजूनही म्हणतो, विचार म्हणून यात खोट नाही. खोट होती ती सरांनी निवडलेल्या माणसात.

शिंगणापूरच्या रस्त्याला एका शेडमध्ये स्क्रू प्रेस होती. स्क्रू प्रेस म्हणजे वर एक मोठं जड चाक, त्याला जाडजूड आटे पाडलेला दांडा. चाक फिरलं की दांडा गरकन खाली उतरतो आणि एकच ठोसा देतो. चकलीच्या सोऱ्याचा पैलवान भाऊ म्हणा. नियमाप्रमाणे एका शनिवारी सरांनी मला तिथं पाठवलं.

टपरीवर पोचलो तर बसायला जागा नाही. माणसंच माणसं. बाकांवर माणसं, जमिनीवर माणसं, रस्त्याच्या कडेला उभ्यानं चहा पिणारी माणसं. समोरच्या शेडमधून आवाजाचं नाव नाही. माझ्या मनात आलं, बापरे, पूर्ण पाळीच बाहेर दिसतेय. टपरीवाल्याला विचारलं, "रोज असंच असतं का हो?"

"आज जरा जास्तच हाय. पण शनवारी असतंच."

दर शनिवारी बंद पडते! मी मनात टिपून घेतलं. शेजारच्या माणसाच्या हातात तेलाची बाटली होती. त्याच्या शेजारच्याच्याही. म्हटलं, गळतीसुद्धा आहे वाटतं. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेल फार लागतं का हो?"

तो हात जोडत म्हणाला, "ज्याच्या त्याच्या ऐपतीवर हाय. आमी आपलं बाटलीभर. काही काही लोकं डबेच्या डबे वततात."

डबेच्या डबे! मी चहासुद्धा न घेता उठलो. आत शेडमध्ये जाण्याची गरजच उरली नव्हती. परत येऊन सरांना सांगितलं की ती प्रेस घेणं म्हणजे घरात हत्ती बांधणं. सरांना वाईट वाटलं, पण स्वतःच्याच नियमानं त्यांचे हात बांधले गेले होते. स्क्रू प्रेस नापास झाली.

आता माझा सगळा जीव हायड्रॉलिक प्रेसवर. ही तेलाच्या दाबावर चालते, लोण्यात सुरी जावी तशी सावकाश उतरते, आणि आवाज म्हणाल तर झोपलेलं मूल जागं होणार नाही. मी घरी लाकडाचा छोटा साचा करून घेतला, त्यात कणकेचा गोळा हळूहळू दाबला आणि तो कणकेचा हुक डब्यात घालून सरांना दाखवायला आणला. कोपरानकोपरा भरलेला. सर बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "बघू," म्हणाले. मग भिंतीशी जाऊन हाक मारली, "वहिनी, एक शांत डोक्याची कोंबडी मिळेल का? प्रेस बघायला न्यायची आहे."

मी म्हणालो, "सर, आवाज मोजायला मीटर मिळतो."

"मीटर आपल्याला आकडा सांगेल. राहायचं कोंबड्यांना आहे. आणि कोंबडी कुणाकडून पगार घेत नाही, म्हणून खोटं बोलत नाही."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "कोंबडी देईन, पण एकली न्हाई धाडायची. मी बी येनार. पोरगी दावायला घरचं कुणीतरी नगं का?"

असे आम्ही निघालो. पुढं सर आणि त्यांच्या पायाशी आमचा हुकाचा साचा, मागं काकू, आणि काकूंच्या शेजारी मी. वेताचं डालगं आणलं होतं, पण त्यात कोंबडीला गरगरतं असं काकूंचं मत पडलं, म्हणून ती माझ्या मांडीवर. तिनं माझ्या पँटचं काय केलं ते इथं सांगत नाही.

सुप्याकडच्या त्या कारखान्याचे मालक फार सज्जन. सरांचे जुने विद्यार्थी होते म्हणून डालगं आत नेऊ दिलं. प्रेससमोर डालगं ठेवलं, साचा चढवला, लाल झालेलं लोखंड त्यात ठेवलं. प्रेस उतरायला लागली. अगदी अल्लाद. आवाज जवळजवळ नाहीच. सगळे कोंबडीकडं बघतायत. कोंबडी उठली, अंग फुगवलं, पुन्हा बसली, आणि मोठ्यानं ओरडून उभी राहिली. खाली अंडं!

"आता गं बया!" काकूंनी गालावर हात ठेवला. "हितं येऊन घातलं!"

मी आनंदानं उडीच मारली. "सर, पास! डिस्टिंक्शन!" अंड्याचा फोटो काढून कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलासुद्धा.

तेवढ्यात साच्यातून हुक बाहेर काढला. अंग झकास, पाठ झकास, आणि टोक? हुकाचं जे वळलेलं निमुळतं टोक असतं, त्याला आम्ही चोच म्हणतो. सगळा खेळ तिच्यावर. चोच भरलीच नव्हती. दुधाचा दात पडल्यावर जसं बोळकं दिसतं, तशी. दुसरा तुकडा घेतला, दाब वाढवला. तीच गत. आणखी वाढवला. पुन्हा बोळकं. काकूंनी अंडं पदरात घेतलं आणि म्हणाल्या, "कोंबडीची चोच चांगली हाय. तुमच्या लोखंडाचीच बोथट."

दुसऱ्या दिवशी सरांनी भट्टीच्या कडेला पातेलं चढवलं. गुळाचा पाक, त्यात शेंगदाणे. कामगार खूश. सरांनी पाक लोखंडी पाटावर ओतला आणि लाटणं माझ्या हातात दिलं. "लाट. पण घाई नको. तुझ्या त्या प्रेससारखं, सावकाश, ऐटीत."

मी ऐटीत लाटायला घेतलं. मध्यापासून निघालो, आणि कडेपर्यंत पोचायच्या आत पाक घट्ट. जोर लावला. लाटणं कचकन वाजलं, चिक्की हलली नाही.

"आणखी जोर लावू, सर?"

"लाव की. पण तू जोरात कमी पडला नाहीस, वेळेत कमी पडलास. कणिक थंडच असते बाळा, तिला आणखी थंड व्हायची भीती नाही. आपलं लोखंड या चिक्कीसारखं. गार साच्याला टेकलं की आखडायला लागतं. तुझी प्रेस चोचीपर्यंत पोचेस्तोवर लोखंडाचा विचार बदललेला असतो."

चिक्की उत्तम झाली होती. मी रागारागानं जास्त खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत दाढ धरून हिंडलो.

इथवर सर बरोबर होते, हे मान्य. पण माणूस एकदा बरोबर ठरला की लगेच पुढच्या वळणावर घसरतो, हेही मी त्यांच्याकडंच पाहिलं. चिक्कीच्या निकालावरून सरांनी असा निष्कर्ष काढला की चोच भरायला झटका लागतो, आणि झटका फक्त थोरल्यांकडं आहे. तेव्हा थोरलेच बरे! मग त्यांनी थोरल्यांच्या पायाखाली रबराचे जाड थर घातले. हातोडा पडला की आता तो वर उडायला लागला, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणं पलीकडं जमीन हादरायची ती आता डुलायला लागली. मग सरांनी भिंत उंच करू म्हटलं. शेवटी भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, कोंबड्यांना रेडिओ लावून बघा ना. गाण्याच्या नादात त्यांना हातोडा कळणार नाही."

मग काकू फाटकातून आत आल्या. भिंतीवरून न बोलता आत आल्या, तेव्हाच मी दोन पावलं मागं सरकलो.

"मास्तर, रेडिओ लावला. भजनं लावली. पोरानं लग्नातली गाणी बी लावली. आता तुमीच येऊन नाचायचं ऱ्हायलंय." मग आवाज एकदम खाली आला. "तलंगा आठवड्यावर आल्यात. तुमी शबुद दिल्ता. मी तुमच्या शबदावर बुकिंग केलंय, मास्तर. दुसऱ्या कुणाच्या शबदावर मी केलं नसतं."

सरांनी थोरल्यांकडं पाहिलं, मग स्वतः जाऊन बटण बंद केलं. शेडमध्ये जी शांतता झाली तिची आम्हां कुणालाच सवय नव्हती. भट्टी नुसतीच फुरफुरत होती. सर येऊन खुर्चीत बसले. काकूंना बसायला स्टूल दिलं. आणि मला म्हणाले, "ती शिंगणापूर रस्त्याची स्क्रू प्रेस. तिचा ठोसा झटक्याचा असतो आणि दणका हातोड्याच्या मानानं कमी. तीच खरी हवी होती. तू तिला कशावरून नापास केलंस, पुन्हा एकदा सांग."

मी छाती काढून सांगितलं. टपरी ओसंडलेली, शेड बंद, तेलाची गळती.

सरांनी माझं बटण धरलं. "त्या शेडमध्ये माणसं किती असतील?"

"असतील वीसपंचवीस."

"आणि टपरीवर?"

"छे, मोजता येत नव्हती. चारपाचशे तरी."

"मग उरलेली कोण?"

मी म्हणालो, "मला वाटलं, दुसरी पाळी."

सर उठले. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पान मागं उलटलं आणि माझ्यापुढं धरलं. शनिवार. चौकोनात काळा गोल. मी बघतोय, बघतोय, आणि मला हळूहळू घाम फुटतोय.

आधी काकूंना उमजलं. "आरं इंजिनियरा! शनी आमुशाला शिंगणापूरच्या वाटंला कामगार मोजाय गेल्तास व्हय रं!" आणि त्या अशा हसत सुटल्या की स्टुलावरून घसरून खाली बसल्या. "ते तेल देवाचं, मुडद्या! मशीनचं न्हाई!"

सर हसले नाहीत. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चूक याची नाही. नियमात एक पोटनियम राहिला होता. अमावास्या वगळून." मग मात्र त्यांनाही आवरेना. त्यांचा चष्मा खाली पडला, कामगार धावत आले, आणि माझी कीर्ती चहाच्या सुटीआधी अख्ख्या वसाहतीत पोचली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा निघालो. तेच टेम्पोतले बसणारे, तीच कोंबडी, तीच मांडी. या वेळी मी जुनी पँट घातली होती, तेवढीच माझी प्रगती. टपरीवर चिटपाखरू नव्हतं. टपरीवाला कपाळाला आठ्या घालून बसला होता. सरांनी विचारलं, "समोरचे कामगार येतात का हो चहाला?"

"कशाचं येतात! सकाळी आत गेले की सुटीलाच भाईर, आन शनी आमुशाला तर शेडच बंद. मशीन बंद पडंल तर येतील ना? ह्यांच्या भरवशावर टपरी टाकली असती तर उपाशी मेलो असतो. देवाची किरपा म्हनून शनवार तरी हाय."

सरांनी त्याला चहा सांगितला आणि स्वतःचा अर्धा मला दिला. त्यांच्याकडून मिळालेलं एवढं मोठं बक्षीस मला दुसरं आठवत नाही.

आत गेल्यावर सरांनी मालकाला पहिला प्रश्न ठरलेलाच विचारला. तो म्हणाला, "वाईट सांगू? हिच्या चाकाला चामड्याचा पट्टा असतो, तो झिजतो. झिजला की ठोसा मऊ पडतो, आणि लक्ष ठेवलं नाही तर निम्मा माल वाया. बदलायला नेवाशाहून मिस्त्री येतो."

"कशानं येतो?"

"एसटीनं. कधी चुकली तर टमटमनं."

सरांचा चेहरा सून पसंत पडलेल्या सासऱ्यासारखा झाला. पण खरी परीक्षा पुढं होती. साचा चढला, लाल लोखंड ठेवलं. चाक गरगरलं, दांडा उतरला आणि धप्प! कोंबडी वीतभर उडाली. काकूंनी "अगं अगं" करत डालग्यावर हात ठेवला. हुक निघाला. चोच टोकापर्यंत भरलेली, सुईसारखी रेखीव. पण सरांनी हुकाकडं पाहिलंच नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून डालग्यापुढं वाकले होते. "पुन्हा मारा," म्हणाले.

धप्प! कोंबडीनं मान वळवली. एकदा प्रेसकडं पाहिलं. मग पायानं भुसा उकरला.

"पुन्हा."

धप्प! कोंबडी दाणे टिपत होती.

सर काकूंकडं बघत उभे राहिले. प्रेस घेणार होते सर, पण निकाल काकूंच्या हातात होता. काकूंनी डालगं उचललं, कोंबडीच्या पंखांखाली हात घालून तिचं काळीज किती धडधडतंय ते चाचपलं. "पैल्या दनक्याला दचकली. दुसऱ्याला वळखलं. तिसऱ्याला इसरली." मग जरा थांबून म्हणाल्या, "नवी सून बी एवढं करती. चालंल मला."

तसलीच प्रेस, आमच्या हुकाच्या मापाची, मागवली. यायला थोडे दिवस होते. तेवढे दिवस थोरले बंदच राहिले, हुक थांबले, गिऱ्हाइकांचे फोन आले, ते सरांनी स्वतः घेतले आणि एकालाही खोटं कारण सांगितलं नाही. "शेजारी तलंगा यायच्या आहेत," म्हणायचे. पलीकडचे बहुतेक जण पुन्हा विचारून खात्री करून घेत. शेडची उंची या वेळी मी शिडीवर चढून मोजली. खाली सर शिडी धरून उभे होते आणि मी आकडा सांगितला की "पुन्हा बघ," म्हणत होते.

तलंगा आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ प्रेस. ज्या सकाळी ती सुरू व्हायची होती त्या सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. नारळ फुटला. पहिला हुक निघाला, सगळे त्याच्याभोवती जमले, चोचीवरून बोट फिरवायला लागले. सर तिकडं फिरकलेच नाहीत. ते भिंतीशी उभे होते. धप्प झालं की कान द्यायचे. पुन्हा धप्प, पुन्हा कान. पलीकडून काहीच कळेना. ओरडा नाही, हाक नाही, शिवी नाही. सर अस्वस्थ. "फारच शांत आहेत. चेंगरल्या तर नसतील सगळ्या?" मी म्हटलं, जाऊन बघू का? तर म्हणाले, "नको. तू नको. तू गेलास की काहीतरी वेगळंच बघून येतोस."

जेवणाची वेळ होत आली तेव्हा भिंतीवर काकूंचं डोकं दिसलं. काकू नेहमीपेक्षाही मोठ्यानं ओरडल्या, "मास्तर! कधी चालू करताय मशीन?"

"चालू आहे, वहिनी!"

"आँ?"

"चालू आहे म्हणतो! सकाळपासून!"

"मंग करा की चालू! वाट कुनाची बघताय? सकाळधरनं कानात कापूस घालून बसलेय मी!"

सरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान ओढून दाखवले. काकूंना कळलं. त्यांनी एका कानातला कापूस काढला, दुसऱ्या कानातला काढला. प्रेसचं चाक गरगरलं. धप्प. काकूंनी मागं वळून पोल्ट्रीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आमच्याकडं.

"ह्योच का आवाज?"

"हाच."

"एवढाच?"

"एवढाच म्हणजे काय, वहिनी!" सरांना लोखंडाच्या वतीनं राग आला. "उसाची ट्रॉली ओढायचा हुक होतोय तिथं!"

काकूंनी कापूस पदराच्या टोकाला बांधून ठेवला. "बरं बाई, व्हईना. पन एक सांगून ठिवते, मास्तर. इतकी वर्सं तुमच्या हातोड्यापुढं माझ्या कोंबड्या तुमाला ऐकू आल्या न्हाईत. आता येनार. तवा तक्रार करायची न्हाई."

आम्ही सगळेच गप्प झालो आणि ऐकायला लागलो. खरंच की! दोन दणक्यांच्या मधल्या जागेत भिंतीपलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. शेकडो कोंबड्या एकाच वेळी, एकमेकींचं काही एक न ऐकता, तावातावानं बोलत होत्या. सर भिंतीला हात टेकून ऐकत राहिले. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग हळूहळू जुना मास्तर.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचा वर्ग फार बोलतो."